जेन्सन मॅक्रेचा अल्बम काही महिने ऐकल्यावर: क्रम मोडू नका

गाण्यांच्या ॲपचं सदस्यत्व संपलं आणि त्यात उतरवून ठेवलेली सगळी गाणी बंद पडली. नावं दिसतात, वाजत नाहीत. ग्राहक सेवेला विचारलं तर दर वेळी तेच ठरावीक उत्तर, पैसे भरा म्हणजे पुन्हा वाजतील. इतके महिने पैसे भरले आणि हातात एक फाइलसुद्धा नाही, याचा संताप अजून गेलेला नाही.

त्याच ॲपच्या फुकट आवृत्तीत अमेरिकन गायिका जेन्सन मॅक्रेचा अल्बम लावला, तर गाणी उलटसुलट लागायला लागली. दुसरा एखादा अल्बम असता तर चालवून घेतलं असतं. 'आय डोन्ट नो हाउ बट दे फाउंड मी!' असा ऐकला की त्याची वाट लागते.

25 एप्रिल 2025 ला आलेला हा अल्बम. 'मॅसॅच्युसेट्स'चा तुकडा 2023 मध्ये टिकटॉकवर किती फिरला ते ठाऊकच असेल. पूर्ण गाणं 2024 मध्ये सुटं येऊन गेलं होतं आणि अल्बममध्ये ते शेवटचं, अकरावं आहे. सुरुवातीला मला ही जागा पटली नव्हती. लोकांना पाठ असलेलं गाणं शेपटाला कशाला?

काही आठवडे ओळीने ऐकल्यावर मत फिरलं. दुसरंच गाणं 'आय कॅन चेंज हिम'. आपण या माणसाला बदलू, या आशेत गाण्यातली मुलगी तिथे अडकलेली आहे. दहाव्या 'प्रेइंग फॉर युअर डाउनफॉल'पर्यंत येता येता त्याचं वाटोळं व्हावं म्हणून प्रार्थना करणंही ती सोडून देते, आणि चालही हलकी होते. मग 'मॅसॅच्युसेट्स'. माणूस गेला तरी त्याचं बरंच काही आपल्यात उरतं, हे त्या गाण्यात आहे. ते असं शांतपणे म्हणायला आधी राग उतरलेला असावा लागतो. म्हणून ते दहाव्यानंतरच यायला हवं. फुकट आवृत्तीत तेच गाणं 'आय कॅन चेंज हिम'च्या पाठोपाठ लागलं आणि मुलगी अजून त्याच्यासाठी झुरतेय असं वाटलं. गाणं तेच, अर्थ उलटा!

अल्बमचं नावही याच वाटेने उलगडतं. 1985 च्या 'बॅक टू द फ्यूचर' सिनेमात गोळीबाराच्या आधी शास्त्रज्ञ डॉक ब्राउन हेच ओरडतो: कसं ते ठाऊक नाही, पण त्यांनी मला शोधलं! तो मेला असं आपण धरून चालतो आणि शेवटी कळतं की अंगात गोळीरोधक जाकीट होतं. प्रेमभंगावरच्या अल्बमला असं नाव देणारी मुलगी रडगाणं गाणार नाही, हे तिथेच कळायला हवं. 'सगळं ठीक होईल' असं ती कुठेच म्हणत नाही, हे मला फार आवडलं.

आवाजाबद्दल थोडक्यात: खालच्या पट्टीतला, भरदार. अमेरिकन गायिका ट्रेसी चॅपमनची आठवण अनेकांना होते, मलाही झाली. निर्माता ब्रॅड कुकने तो आवाज वाद्यांखाली दबू दिलेला नाही. मधली दोन-तीन गाणी मात्र एकाच लयीत जातात आणि तिथे माझं लक्ष अजूनही सुटतं. 'लेट मी बी राँग' आधी त्यातलंच वाटायचं, आता तेच सगळ्यात जास्त लावतो. चुकण्याची मोकळीक मागणारं गाणं इतकं जोरकस असू शकतं, हे मला नवीन होतं.

शेवटी अल्बम विकत घेतला. एकदाच पैसे गेले, पण फाइली माझ्या आहेत, क्रम माझ्या हातात आहे आणि इंटरनेट नसलं तरी वाजतात. घेणार असाल तर एमपी3 ऐवजी फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेली फाइल) घ्या, त्यातून हवी तेव्हा एमपी3 करता येते, उलट केलं तर गेलेला दर्जा परत येत नाही. प्लेअरमध्ये शफल (गाणी उलटसुलट लावणं) आणि क्रॉसफेड (एक गाणं संपता संपताच पुढचं सुरू करणं) दोन्ही बंद करा. क्रॉसफेड चालू राहिला तर दहाव्याचा शेवट अकराव्याच्या सुरुवातीवर चढतो, आणि नेमका तोच सांधा बिघडतो.