बेकरीची लाकडी भट्टी बंद करायचीय, मग गॅस घ्यायचा की इलेक्ट्रिक ओव्हन?

लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅसवर नाहीतर दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जावं असं मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं, तेव्हापासून पाववाल्यांमध्ये हाच विषय चालू आहे. बरेच जण म्हणतात इलेक्ट्रिक घे, धूर नाही म्हणजे प्रदूषण नाही. मला हे अर्धंच पटतं.

आधी लाकडाचं बोलू. झाडाने हवेतून घेतलेलाच कार्बन परत हवेत जातो, त्यामुळे कागदावर लाकूड साधंसरळ दिसतं. पण भट्टीत जातं काय, तर पाडलेल्या घरांच्या चौकटी, जुनं फर्निचर, प्लायचे तुकडे, त्यावरचा रंग आणि पॉलिश सगळं त्यातच जळतं आणि तो धूर सगळ्यात आधी भट्टीसमोर उभ्या असलेल्या कारागिराच्या छातीत जातो, मग शेजारच्या चाळीत. भंगार लाकूड स्वस्त पडतं आणि ब्रुन पावाला त्या भट्टीची चव येते हे मान्य, तरी ते जायलाच हवं.

आता गॅस विरुद्ध वीज. १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर जळला की साधारण ५७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो आणि उष्णता मिळते सुमारे २४० युनिट विजेएवढी. आपल्या ग्रिडची वीज अजून बरीचशी कोळशावर बनते, एका युनिटमागे ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये चिमणीतून उष्णता वाया जात नाही, म्हणून समजा निम्म्याच, म्हणजे १२० युनिटमध्ये तेवढाच माल भाजून निघाला, तरी ८४ किलो होतात. म्हणजे गल्लीतला धूर गेला, पण तो लांब कुठल्यातरी औष्णिक केंद्राच्या चिमणीतून निघाला.

मग सोलर? सोलर असेल तर चित्र बदलतं, पण छत मोजून बघा. १० किलोवॅटला साधारण हजार स्क्वेअर फूट लागतात आणि दिवसाला सरासरी ४० युनिट मिळतात, उलट मोठा रोटरी ओव्हन (आत ट्रॉली फिरवत भाजणारा) पूर्ण लोडवर तासाभरातच तेवढे युनिट खाऊ शकतो, त्यात पावाचं काम पहाटेचं, तेव्हा ऊन नसतं. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जास्तीची सोलर वीज ग्रिडला देऊन ती बिलात धरण्याच्या सोयीत, दिवसाची वीज रात्रीच्या वापराला कशी वळती होते ते वीज कंपनीकडून लेखी घ्या. पीएम सूर्यघर या सरकारी सोलर योजनेची सबसिडी घरांसाठी आहे, दुकानाला मिळत नाही. सँक्शन्ड लोड (वीज कंपनीने मंजूर केलेला भार) वाढवायचा खर्च आणि दर महिन्याचा फिक्स्ड चार्जही धरा, कोटेशनमध्ये तो बहुतेक नसतोच.

त्यामुळे माझं मत असं: गल्लीत पाइप गॅस आला असेल तर डोळे झाकून पीएनजी घ्या, तेवढ्याच उष्णतेला कार्बन एलपीजीपेक्षाही थोडा कमी, सिलिंडर रचून ठेवायला नकोत, मीटरप्रमाणे बिल. लाइन नसेल तर एलपीजी, पण बर्नर पुढे पीएनजीवर बदलता येईल असाच ओव्हन घ्या. केक-नानकटाईचं छोटं काम दिवसा चालत असेल आणि छत स्वतःचं असेल तर इलेक्ट्रिक डेक ओव्हन (कप्प्यांत ट्रे ठेवून भाजायचा) मस्त. डिझेलवरचा सेकंडहँड रोटरी स्वस्तात मिळतो म्हणून मोहात पडू नका, लिटरमागे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड.

आणि ओव्हन कुठलाही असो, दाराचं रबर बघा. तापलेल्या ओव्हनच्या दाराच्या कडेला थोडं अंतर ठेवून हात धरला आणि गरम झोत लागला तर तुमचे पैसे तिथून चाललेत, ते रबर, म्हणजे गॅसकेट, बदलणं हे त्यातलं सगळ्यात स्वस्त काम. तसंच अर्धी ट्रॉली भाजायला ओव्हन पेटवणं बंद करा, पाव निघाला की लगेच खारी-टोस्ट लावा म्हणजे ओव्हन थंड होऊन परत तापवावा लागणार नाही.

ओव्हनवाल्याला एकच आकडा विचारा, शंभर किलो मैद्याच्या पावाला किती गॅस किंवा किती युनिट, आणि तो चालू असलेल्या बेकरीत मीटर बघून खात्री करून घ्या.