38,000 रुपयांची 'इंडिया' जर्सी

लिहायला लाज वाटते, तरी लिहितोय. कारण परदेशातल्या क्रिकेट स्पर्धेच्या नावाखाली आम्हाला फसवणारा माणूस आता चोपडा-शिरपूरकडे पोरं गोळा करत फिरतोय, असं कानावर आलंय.

आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर तालुक्यातले. धाकटा भाऊ डावखुरा, लेदर बॉल बरा खेळतो. गेल्या हिवाळ्यात एका टेनिस बॉल स्पर्धेत ब्लेझरवाला एक जण त्याला भेटला. म्हणे, ''चॅम्पियन्स लीग आठवते ना? तीच परत येतेय, नेपाळमध्ये. क्लबही खेळणार, देशांचे संघही. वर हाँगकाँगसारखे सहा-सहा जणांचे सामने.''

यातलं निम्मं खरं होतं, तिथेच आम्ही फसलो. चॅम्पियन्स लीग ही वेगवेगळ्या देशांतल्या क्लबांची ट्वेंटी-20 स्पर्धा 2009 ते 2014 खरंच झाली. पहिली फायनल हैदराबादला न्यू साउथ वेल्सने मारली, ती आम्ही दोघांनी टीव्हीवर बघितली होती. सहा-सहा जणांची हाँगकाँग सिक्सेस तर 1992 पासूनची. पण चॅम्पियन्स लीगमध्ये क्लब आपापल्या देशातली स्पर्धा गाजवून येत, आणि ती भारत, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिकेच्या बोर्डांनी मिळून काढली होती. तिथे खेळाडू पैसे घेऊन खेळायचा, भरून नाही. एवढं साधं गणित मला सुचलं नाही.

ट्रायलचे 5,000, किट आणि विम्याचे 18,000, प्रवास-मुक्कामाचे 15,000. कापूस नुकताच विकला होता, पैसे घरातच होते. सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणाचं गाजर दाखवलं, मग वडीलही तयार झाले.

विमान सांगितलं होतं. पोरं निघाली भुसावळहून गोरखपूरच्या रेल्वेने, पुढे बसने नेपाळच्या सीमेवरचं सुनौली. भारतीयांना नेपाळला पासपोर्ट-व्हिसा लागत नाही, म्हणून असल्यांना 'परदेश' म्हटला की नेपाळच सोयीचा. मैदान म्हणजे शाळेचं पटांगण, मॅटिंग एका टोकाला फाटलेलं. 'श्रीलंके'चा कीपर स्टंपमागून भोजपुरीत ओरडत होता. भावाने विचारलं तर हसून म्हणाला, ''भैया, हम तो महाराजगंज के हैं.'' दुसऱ्या दिवशी तोच पोरगा 'यूएई'च्या जर्सीत. शेवटी पदकं वाटली, सगळ्यांना सोन्याची!

2022 मध्ये गुजरातेत मेहसाण्याकडच्या मोलीपुरात खोटी आयपीएल पकडली होती. शेतमजुरांना जर्सी घालून खेळवायचे आणि रशियातल्या लोकांना सट्ट्यासाठी यूट्यूबवर दाखवायचे. त्या मजुरांना निदान सामन्याला 400 रुपये तरी मिळत. आमच्या पोराने मजुरी केली आणि वर 38,000 दिले.

भाऊ परतला तेव्हा दोन दिवस कोणाशी बोलला नाही. आई एवढंच म्हणाली, ''पैसा गयात ते गयात, पोऱ्या घर उना ना.'' (पोरगा घरी आला ना.) सर्टिफिकेट जिल्हा क्रीडा कार्यालयात दाखवलं. तिथल्या साहेबांनी उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, ''मान्यता कोणाची?'' खाली फक्त एका फेडरेशनचा गोल शिक्का. असला शिक्का कोणत्याही झेरॉक्सवाल्याकडे बनतो.

पोलिसांत तक्रार दिलीय. पैसे फोनवरून गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा. आम्ही महिनाभर 'बघू, देईल' करत बसलो, तोवर त्याचा नंबर बंद. आपल्या जिल्ह्यांतल्या पोरांचा खऱ्या क्रिकेटचा रस्ता जिल्हा संघटनेतून पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे जातो. परदेशातली स्पर्धा म्हटली की त्या देशाच्या क्रिकेट बोर्डाच्या परवानगीचं पत्र मागा, आणि ते खरं का ते बोर्डालाच विचारा. पत्र मागितल्यावर आमच्या ब्लेझरवाल्याने 'विश्वास नाही का, भो?' म्हटलं होतं, आणि मी गप्प बसलो.

दोन धुण्यांत जर्सीवरच्या 'इंडिया'चं शेवटचं अक्षर निघालं. भाऊ ती आता कपाशीवर फवारणी करताना घालतो.