इंदूरचं होळकर स्टेडियम: कधी जावं, कुठे बसावं आणि मनाची तयारी काय ठेवावी

रेसकोर्स रोडवरच्या होळकर स्टेडियमची ख्याती धावांची आहे आणि ती खरीही आहे. मैदान आटोपशीर, सीमारेषा जवळ, हिरवळीवरून चेंडू सुसाट पळतो. खेळपट्टी साथ देते त्या दिवशी गोलंदाजाची दया येते. 8 डिसेंबर 2011ला वीरेंद्र सेहवागने वेस्ट इंडिजविरुद्ध इथे 149 चेंडूंत 219 धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधला तो तेव्हाचा सर्वोच्च डाव. मोडला गेला तो सचिनचा ग्वाल्हेरमधला नाबाद 200चा विक्रम, म्हणजे मान मध्य प्रदेशातच राहिला. 22 डिसेंबर 2017ला रोहित शर्माने श्रीलंकेविरुद्धच्या टी-20 सामन्यात 35 चेंडूंत शतक पूर्ण केलं. सप्टेंबर 2023मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताने 5 बाद 399 केल्या. इंदूरकर चाहता या आकड्यांवर वाढला आहे. म्हणूनच पहिली सूचना ही, की या आकड्यांच्या भरवशावर तिकीट काढू नका.

कारण 1 मार्च 2023ला याच मैदानावर भारताचा अख्खा संघ 109 धावांत आटोपला. धर्मशाळेचं मैदान वेळेत तयार झालं नाही म्हणून ऑस्ट्रेलियाविरुद्धची ती कसोटी ऐनवेळी इंदूरला आली होती. खेळपट्टी कोरडी होती. सामन्याच्या पाचव्याच चेंडूने तिचा पापुद्रा फोडला, असं सामनाधिकारी ख्रिस ब्रॉड यांनी अहवालात नोंदवलं. मॅथ्यू कुनमनने 16 धावांत 5 बळी घेतले, दुसऱ्या डावात नेथन लायनने 64 धावांत 8, आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच ऑस्ट्रेलियाने 9 गडी राखून सामना जिंकला. आयसीसीने खेळपट्टीवर आधी 'खराब' असा शेरा मारला, बीसीसीआयच्या अपिलानंतर तो 'सरासरीपेक्षा कमी' असा सौम्य केला. पण सुट्टी टाकून, गावाहून पाहुणे बोलावून चौथ्या दिवसाची तिकिटं काढून बसलेल्यांना त्या सौम्य शेऱ्याचा काय उपयोग!

यातून एक अगदी व्यवहाराचा नियम निघतो. होळकरवर आजवर झालेल्या तिन्ही कसोटी पाचव्या दिवसापर्यंत पोचल्याच नाहीत. 2016ची न्यूझीलंडविरुद्धची चौथ्या दिवशी संपली. त्यात कोहलीने 211 आणि रहाणेने 188 केल्या, दोघांची 365ची भागीदारी झाली आणि अश्विनने सामन्यात 13 बळी घेतले. 2019ची बांगलादेशविरुद्धची तिसऱ्या दिवशीच आटोपली, मयंक अगरवालच्या 243 धावा आणि डावाने विजय. 2023चं वर सांगितलंच. तेव्हा कसोटीचं तिकीट दिवसागणिक मिळत असेल तर पहिला आणि दुसरा दिवस घ्या. तिसरा घ्यायचा तर पहिल्या दिवशी फिरकी कितपत वळते ते पाहून. चौथ्या-पाचव्याच्या वाटेला जाऊ नका.

तिकिटाची गोष्ट थोडक्यात. स्टेडियमची क्षमता 27 ते 30 हजारांच्या घरात, आणि हौस त्याच्या कितीतरी पट. विक्री ऑनलाइन होते आणि सुरू झाल्यावर काही मिनिटांत संपते. खात्यात नाव, मोबाइल क्रमांक आणि पैसे भरण्याची सोय आदल्या रात्रीच तयार ठेवा. पहिली पसंती गेली तर दुसरी आणि तिसरी कोणती, हे घरात आधीच ठरवा. पान उघडून चर्चा करत बसणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. सामन्याच्या सकाळी जंजीरवाला चौकात दुप्पट-तिप्पट भावाने मिळणारं तिकीट घेऊ नका, गेटवर कोड जुळला नाही तर पैसेही गेले आणि सामनाही.

कुठे बसावं, यावर मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त हिरमोड इथेच होतो. खेळपट्टी उत्तर-दक्षिण असते. त्यामुळे उत्तर किंवा दक्षिण टोकाला, साइटस्क्रीनच्या (फलंदाजाला चेंडू नीट दिसावा म्हणून उभारलेल्या पडद्याच्या) आसपास बसलात तर चेंडूचा स्विंग, फिरकीचं वळण आणि पायचीतचं अपील नीट कळतं. पूर्व किंवा पश्चिमेला बसलात तर चेंडूचा टप्पा, धावबाद आणि सीमारेषेवरची धावपळ कळते, वळण कळत नाही. एकदिवसीय सामना दुपारी दीडला सुरू होतो. तेव्हापासून सूर्य पश्चिमेकडे उतरत जातो आणि पूर्वेच्या गॅलरीतल्या माणसाच्या थेट डोळ्यांत शिरतो. ते उन्हाचे चार तास स्वस्त तिकिटाची खरी किंमत वसूल करतात. सोबत आजी-आजोबा किंवा लहान मूल असेल तर पैसे वाचवण्याची जागा ही नव्हे, पश्चिमेची सावली घ्या. कसोटीत सकाळी उलटं होतं, पश्चिमेवर ऊन येतं, पण हिवाळ्यात ते हवंहवंसंच वाटतं. अगदी खालच्या रांगा मोहात पाडतात, खेळाडू हाताच्या अंतरावर दिसतात. पण जाळी आणि समोर उठून उभी राहणारी माणसं यांच्यामुळे निम्मा खेळ दिसत नाही. मधल्या उंचीची जागा सर्वांत उत्तम.

रात्रीच्या सामन्यात दव पडतं, ओला चेंडू फिरकी गोलंदाजाच्या हातातून निसटतो आणि पाठलाग सोपा होतो. नाणेफेक झाली की तेवढं लक्षात ठेवा. मोठी धावसंख्या उभारूनही आपला संघ अडचणीत का, हे पहिल्या डावातच कळेल. डिसेंबर-जानेवारीत स्वेटर हवाच. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, ऐकायला गोड, पण सिमेंटच्या पायरीवर रात्री दहाला ती हाडांत उतरते.

आत पिशवी, पाण्याची बाटली, पॉवर बँक, लायटर, नाणी, हेल्मेट असलं काही नेऊ देत नाहीत. ठेवायला खात्रीची जागाही नसते, म्हणून गेटवर वाद घालण्यापेक्षा रिकाम्या हाताने जा. औषध न्यायचं असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. रेसकोर्स रोडवर गाड्या अडवतात, तेव्हा गाडी दूर लावून शेवटचा किलोमीटर पायी जाण्याची तयारी हवी. जेवण बाहेरच उरकून घ्या. छप्पन दुकान चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सकाळच्या कसोटीला पोहे-जिलेबीने पोट भरतं, दिवसरात्रीच्या सामन्याला नाही.

हे झालं सोयी-गैरसोयींचं. पण या मैदानाचं मूल्य ठरतं ते तिथे माणूस काय घेऊन येतो आणि काय घेऊन जातो यावर. गॅलरीत बसलेल्या प्रत्येकाने आठवडाभराचं काहीतरी सोबत आणलेलं असतं. कुणाची बढती अडकलेली, कुणाच्या मुलीचा निकाल लागायचा, कुणाचे वडील दवाखान्यात. आणि आत कुठेतरी अपेक्षा असते, की निदान आज संघाने तरी जिंकावं. संघ हरला की दुःख दुप्पट होतं ते यामुळे. या अपेक्षेत चूक काही नाही, मात्र तिला एक जोड द्यायला हवी. नाणेफेकीआधी ठरवा की निकाल काहीही लागो, आज अमुक एक गोष्ट मन भरून पाहायची. होळकरवर पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे कर्णधार पाचवा, म्हणजे सर्वांत कच्चा, गोलंदाज कोणत्या टोकाकडून आणि कुणासमोर लपवतो. लहान मैदानावर कप्तानीची खरी कसोटी तिथेच लागते. दुसरी म्हणजे डीप मिडविकेटचा क्षेत्ररक्षक. दोर जवळ असल्याने त्याला झेल घेताना पायाखाली पाहायला वेळच नसतो.

नशिबाचा वाटाही उघड्या डोळ्यांनी पाहावा. सेहवाग 170वर असताना डॅरेन सॅमीने त्याचा सोपा झेल सोडला होता. तो झेल घेतला असता तर 219 झालेच नसते. आपल्या घरातल्या कुठल्याही यशाचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला तर असा एखादा सुटलेला झेल सापडतोच. म्हणून सेहवागचं श्रेय कमी होत नाही. जीवदान मिळाल्यावर आणखी 49 धावा त्यालाच काढाव्या लागल्या.

आता हरण्याबद्दल. 19 ऑक्टोबर 2025, ऐन दिवाळीचा रविवार, महिला विश्वचषकात भारत-इंग्लंड सामना होळकरवर. 289चं लक्ष्य. स्मृती मानधना 88, हरमनप्रीत 70, दीप्ती शर्मा 50. सामना हातात होता, आणि भारत अवघ्या 4 धावांनी हरला. तो सलग तिसरा पराभव. फराळाची ताटं समोर आणि घराघरांत शुकशुकाट. सहा दिवसांनी त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेचा संघ ऑस्ट्रेलियापुढे 97 धावांत गारद झाला, अलाना किंगने 18 धावांत 7 बळी घेतले. आणि 2 नोव्हेंबरला नवी मुंबईत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात उतरले ते नेमके हेच दोन संघ, भारत आणि दक्षिण आफ्रिका. भारताने तो 52 धावांनी जिंकला. होळकरवर मान खाली घालावी लागल्यापासून विश्वविजयापर्यंत मध्ये दोनच आठवडे. इंग्लंडविरुद्धच्या पराभवानंतर त्या मुलींना समाजमाध्यमांवर वाट्टेल ते बोलणाऱ्यांनी या तारखा लिहून ठेवाव्यात. संघ बहुतांशी तोच होता. न्यूझीलंडविरुद्ध जिंकायचंच, एवढं एकच काम त्यांनी पुढच्या गुरुवारी हाती घेतलं आणि ते पार पाडलं.

पराभव दिसू लागला की शेवटची दोन षटकं बाकी असतानाच गर्दी टाळायला उठून जाण्याची इथे रीत आहे. ती सोडा. गर्दी टळत नाही, सगळे त्याच वेळी उठतात. सामना संपल्यावर वीसेक मिनिटं जागेवर बसलात तर गेट मोकळं होतं, आणि खेळाडू मैदानाला फेरी मारतात तीही दिसते. मुलांनी हरलेला संघ टाळ्या घेताना पाहणं फार गरजेचं आहे. रात्रीचा सामना असेल तर सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार तेव्हा रंगात आलेला असतो. थंडीत तळलेला गराडू कंद, एरवी भुट्ट्याचा कीस, आणि पोटात गरम गेलं की बोलणंही निवळतं. पैजा मात्र लावू नका. पैसे लागले की पराभव घरखर्चात शिरतो आणि मग तो खेळ उरत नाही.

एवढं सगळं सांगूनही, या मैदानावरची सगळ्यात मोलाची गोष्ट आंतरराष्ट्रीय सामना नाहीच. ती आहे हिवाळ्यातला रणजी सामना. सहसा तिकीट नसतं, रांग नसते, हवी ती जागा मिळते. साडेनऊला खेळ सुरू, साडेअकराला जेवण, दोन वाजून दहाला चहा, साडेचारला दिवस संपतो. साइटस्क्रीनच्या बाजूला बसा, यष्टिरक्षकाचं बोलणंसुद्धा ऐकू येतं.

इंदूरला रणजीचं वेड जुनं आहे. होळकर संघाने 1944-45च्या अंतिम सामन्यात मुंबईकडून मार खाल्ला. 867चं लक्ष्य होतं, डेनिस कॉम्प्टनने नाबाद 249 करूनही सगळे 492त बाद झाले. पुढच्या वर्षी सी. के. नायडूंच्या त्याच संघाने बडोद्याला हरवून करंडक आणला. त्याच्या पुढच्या वर्षी बडोद्याने परतफेड केली, विजय हजारे आणि गुल महंमद यांनी 577ची भागीदारी रचली. आणि 1947-48ला होळकरांनी मुंबईलाच नमवलं. पुढे होळकर संघ उरला नाही आणि मध्य प्रदेशच्या वाट्याला दीर्घ दुष्काळ आला. 1999च्या अंतिम सामन्यात बंगळुरूला कर्नाटकविरुद्ध पहिल्या डावात 75 धावांची आघाडी असूनही सामना गमावला. कर्णधार होते चंद्रकांत पंडित. जून 2022मध्ये त्याच मैदानावर, त्याच पंडितांच्या प्रशिक्षणाखाली मध्य प्रदेशने मुंबईला 6 गडी राखून हरवलं. यश दुबे 133, शुभम शर्मा 116, आणि आपला इंदूरचा रजत पाटीदार 122. रामबाग-लोकमान्यनगरच्या मराठी घरांत त्या पाच दिवसांत सरळ दोन पक्ष पडले होते. मामा दादरचा, भाचा इंदूरचा, आणि दोघांचीही आडनावं मराठीच.

रणजीचे गुण समजून घेतले तर ते चार दिवस कंटाळवाणे वाटत नाहीत. निर्णायक विजयाला 6 गुण, डावाने किंवा दहा गडी राखून जिंकलात तर 7. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला 3 आणि मागे पडणाऱ्याला 1. बरेचसे संघ मोसम तरून नेतात ते या तीन-तीन गुणांवर. बहुतेक घरांचे बहुतेक महिनेही असेच जातात, मोठा विजय नाही, पण पहिल्या डावाची आघाडी राखलेली असते. म्हणून नववा गडी बाद असताना तळाचे दोघे बारा धावांसाठी अर्धा तास झुंजतात, ते डोळे न मिटता पाहावं. गॅलरीत पन्नास माणसं असतात आणि प्रत्येक धावेला सगळे टाळ्या वाजवतात.

घरातल्या मुलाला पहिल्यांदा मैदानावर न्यायचं असेल तर इथूनच सुरुवात करा. कागद-पेन्सिल द्या, धावफलक लिहायला शिकवा. षटकाच्या सहा चौकटी, निर्धाव चेंडूला टिंब, बळीला डब्ल्यू. लिहिणारं मूल चुळबुळ करत नाही. पहिल्या डावाची आघाडी बहुधा दुसऱ्या दिवशीच्या चहापासून तिसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत कधीतरी ठरते. एकच दिवस काढता येणार असेल तर तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आत जाऊन बसा.