फासे की आपसातला करार? टेक्स्ट रोलप्लेमधली लढाई कशी ठरवावी

नवा रोलप्ले ग्रुप (चॅटवर एकेक पात्र घेऊन मिळून कथा लिहिणारी मंडळी) सुरू करताय आणि दोन कॅरेक्टर भिडली की निकाल कसा लावायचा, इथे गाडी अडलीय, असं धरून लिहितोय. जीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, एकट्याने निकाल द्यायचा हा मार्ग बाजूला ठेवतो, कारण त्यात हरणारा जीएमवर रुसतो आणि मग खेळच रुसतो. उरतात दोन. दोघा खेळाडूंनी आधीच आपसात ठरवून टाकायचं, नाहीतर बॉटला, म्हणजे चॅटमधल्या आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमला, फासे टाकायला लावायचे.

आमची मंडळी ठाणे, ऐरोली, खारघर अशी पसरलेली, आणि दोन्ही पद्धती आम्ही मनापासून खेळलोय. कथा १७३९च्या वसई मोहिमेची. किल्ला शेवटी पडणार हे सगळ्यांना ठाऊक, तरी पोर्तुगीज बाजू खेळणाऱ्यालाही रात्री फोन उघडावासा वाटला पाहिजे, ही आमची खरी गरज.

लिखाणापुरतं बोलायचं तर करार सरस आहे, हे मान्य करायलाच हवं. आपण हरणार हे आधी कळलं की माणूस आपला पराभव जीव ओतून लिहितो. ऐरोलीची एक ताई पोर्तुगीज कप्तान खेळायची. सुरुंगाने बुरूज ढासळतो तो प्रसंग तिने असा लिहिला की जिंकलेली बाजू आपलं पुढचं पोस्ट विसरून तोच वाचत बसली. फाशांच्या भरवशावर असं लिखाण क्वचितच होतं.

पण करार करतं कोण आणि सोडतं कोण, हे थोडे दिवस बघा. मला खटकलं ते हेच. दोघांपैकी जो भिडस्त, तोच दर वेळी म्हणतो, ‘चालेल, या वेळी तू जिंक.’ पुढच्या लढाईतही तोच म्हणतो. ज्याला आपल्या सरदाराचा एक ओरखडाही सोसत नाही, तो खाजगी मेसेजमध्ये घोळ घालत राहतो आणि समोरचा कंटाळून मान डोलावतो. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते इथे दिसतं. वरवर सगळं संमतीने चाललेलं असतं, पण पराभव ठरावीक दोन-तीन माणसांच्याच वाट्याला येत राहतात आणि ती माणसं तक्रार न करता हळूहळू लिहिणं थांबवतात. शिवाय आमच्यातल्या निम्म्यांच्या शिफ्ट वेगळ्या. एक ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीत उभ्या-उभ्या मेसेज करणार, दुसरा झोपून उठल्यावर उत्तर देणार. लढाईचा करार होईपर्यंत लढाईतली हवाच निघून जाते.

फासा कोणाची भीड धरत नाही. आमच्यात सगळ्यात कमी बोलणारा मुलगा पहिल्यांदा जिंकला तो फाशांमुळेच, आणि त्यानंतर तो खुलून लिहायला लागला. ही मोजमापाची गोष्ट नाही, पण माझ्या मनात पारडं झुकलं ते तेव्हा.

अर्थात नुसता फासा क्रूर असतो. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकडा पाच टक्के, म्हणजे अनुभवी सेनापतीसुद्धा एका फेकीत सहज आडवा. कित्येक महिने जपलेलं कॅरेक्टर असं गेलं तर खेळाडूही जातो. म्हणून सहा बाजूंचे दोन फासे बरे. दोन्हींची बेरीज धरली तर ३६ शक्यतांपैकी सहा वेळा सात येतात, टोकाचे आकडे दुर्मीळ. ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या रोलप्ले खेळाने २०१०मध्ये रूढ केलेली विभागणीही घ्या: दहा किंवा जास्त आले तर निखळ यश, सात ते नऊ आले तर यश पण किंमत मोजून. हा मधला टप्पा ३६पैकी १५ वेळा येतो. जिंकणाऱ्याला त्यामुळे काहीतरी गमवावं लागतं आणि हरणाऱ्याला पुढे खेळायला धागा मिळतो.

त्याहून मोलाची सोय ‘फेट’ या खेळात आहे: शरणागती. हरतोय असं दिसलं की फासे टाकायच्या आधी खेळाडू माघार जाहीर करतो. लढाई जाते, पण आपल्या कॅरेक्टरचं पुढे काय व्हावं यात त्याचा शब्द राहतो, वर एक फेट पॉइंट, म्हणजे पुढे वापरता येणारा गुणही मिळतो. आमच्या कथेला तर ही सोय इतिहासानेच पुरवली. वसईच्या पोर्तुगीजांनी मे महिन्यात अटी ठरवून किल्ला सोडला, त्यांना निघायला आठ दिवस मिळाले आणि ते शस्त्रांसह, निशाणं घेऊन बाहेर पडले. त्या आठ दिवसांत आमच्याकडे जेवढं लिहिलं गेलं, तेवढं वेढ्यातही नाही. हरलेली बाजू सामान बांधतेय, जिंकलेल्यांशी वाटाघाटी करतेय, जुने हिशेब मिटवतेय, दोघांनाही काम.

जुने दोन मित्र खेळणार असतील तर करारच करा, फाशांची गरज नाही. अनोळखी किंवा निम्मे-निम्मे ओळखीचे असाल, तर मी फाशांकडे झुकेन, शरणागतीच्या सोयीसकट. दोन नियम मात्र पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. विजेत्याने आपला वार लिहावा, तो समोरच्याच्या अंगावर कुठे आणि किती लागला हे हरणाऱ्याने लिहावं. आणि माघार घ्यायची ती फासे पडायच्या आधी. आकडा दिसल्यावर घेतलेली माघार धरायची नाही, मग ती जीएमच्या सख्ख्या भावाची असली तरी.