पाच व्होल्टचं पितळी लेझर मॉड्यूल: डायोड ठीक, खरी गोम रेझिस्टरमध्ये

सहा मिलिमीटर व्यासाची पितळी नळी, मागे दोन वायरी, पुढे प्लॅस्टिकचं भिंग. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि ऑनलाइन कुठेही मिळणारं हे ६५० नॅनोमीटरचं तांबडं मॉड्यूल एलडीआरच्या (उजेडानुसार रोध बदलणाऱ्या सेन्सरच्या) अलार्मला किंवा रेषा जुळवायला पुरेसं आहे. फक्त '५ व्होल्ट' हा आकडा डोळे झाकून घेऊ नका.

आतल्या लेझर डायोडचं सगळं गणित करंटवर चालतं. जंक्शनमध्ये, म्हणजे दोन प्रकारच्या अर्धवाहकांच्या सांध्यात, इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) भेटले की फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, सुटतो. एवढं तर एलईडीतही होतं. इथे चिपची दोन टोकं स्फटिकाच्या पातळीवरच तोडलेली, म्हणजे आपोआप आरसे. साध्या कापावरूनही सुमारे ३० टक्के प्रकाश आत परततो आणि वाटेत भेटणाऱ्या इलेक्ट्रॉनांकडून हुबेहूब आपल्यासारखेच फोटॉन काढून घेतो. ही वाढ आतल्या गळतीवर मात करते तो उंबरठा या जातीच्या डायोडमध्ये साधारण २० मिलिअँपिअरचा. त्याखाली हा नुसता महाग एलईडी.

मॉड्यूलच्या आत ड्रायव्हर (करंट काबूत ठेवणारं सर्किट) नाही, बहुधा ९१ ओहमचा एकच रेझिस्टर. डायोडवर सुमारे २.२ व्होल्ट पडतात. ५ व्होल्टला करंट ३१ मिलिअँपिअर, ठीक. मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनवर जेमतेम १२, म्हणून फिकट लाली दिसते आणि माल खराब निघाला अशी तक्रार होते. साडेपाच व्होल्टला ३६, आणि चार्जरचा एखादा झटका आला की टोकाचा आरसाच प्रकाश शोषून वितळतो. नंतर मीटरवर करंट-व्होल्टेज जवळपास तेच, उजेड मात्र एलईडीएवढा. हातातल्या स्थिर विजेनेही हेच होतं. सोल्डरिंग अर्थ केलेल्या सोल्डरिंग आयर्ननेच करा.

ठिपका लंबगोल येतो, तो दोष नव्हे. प्रकाश निघायची फट उभ्या दिशेला मायक्रोमीटरहूनही पातळ, त्यामुळे विवर्तनाने (अरुंद फटीतून जाताना प्रकाश पसरण्याने) किरण तिकडे सुमारे ३० अंश पसरतो, आडवा ८ अंशच. भिंग फिरवून फोकस होतो, आकार बदलत नाही.

तापलं की उंबरठा वर सरकतो आणि ठिपका मंदावतो. धातूच्या क्लॅम्पमध्ये बसवा. मात्र कवच अनेकदा धन वायरीला जोडलेलं असतं, आधी मल्टिमीटर लावून बघा. तीव्रता स्थिर हवी असेल तर हे घेऊच नका, मॉनिटर फोटोडायोड (उजेड मोजणारा छोटा सेन्सर) असलेला तीन पिनांचा डायोड आणि वेगळा ड्रायव्हर घ्या. '५ मिलिवॅट' या लेबलवर विसंबून थेट किरणात कधीच बघू नका.