शेवटचे दिवस: हॉस्पिटल की घर?

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरात हा प्रश्न दोनदा आला. बाबांना धाप लागली तसं घाबरून त्यांना आयसीयूत नेलं. नाकातली नळी ओढू नये म्हणून त्यांचे हात पट्टीने पलंगाला बांधलेले. भेट दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. बोलायचं राहूनच गेलं.

काकूचा कॅन्सर पसरला तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारलं, अ‍ॅडमिट करून नेमकं काय सुधारेल? ते म्हणाले, फारसं काही नाही. मग ती घरीच राहिली. मॉर्फिनच्या गोळ्यांनी दुखणं आणि धाप, दोन्ही हलकी व्हायची. दर दोन तासांनी कूस बदलायची, ओल्या कापसाने ओठ टिपायचे. जागरणं मात्र अंगावर येतात. घरात माणसं कमी असली तर झेपत नाही.

लघवी अडली, रक्तस्राव सुरू झाला, वेदना गोळ्यांना दाद देईना, तर हॉस्पिटलच बरं. पण तिथे नेणं म्हणजे व्हेंटिलेटरला होकार नव्हे, हे आधीच सांगून ठेवा. कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायच्या अशा आगाऊ इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली. २०२३ पासून ते नोटरीपुढेही करता येतं. काकूने केलं होतं, थरथरत्या हाताने सही करून.