वीतभर कमी पडलेली वायर : गाडीतला हवेचा पंप, नऊ महिने वापरल्यानंतर

‘खोका आणलाय का?’

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या मुलानं पंपाकडे न बघताच विचारलं. बिल होतं, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का होता, वर्ष पूर्ण व्हायला तीन महिने बाकी होते. पण सीरियल नंबरचं स्टिकर खोक्यावर असतं म्हणे, त्यामुळे खोका नाही तर वॉरंटी नाही. आमच्या माळ्यावर २०११ साली घेतलेल्या मिक्सरचा खोका आहे. भंगारात गेलेल्या टीव्हीचा आहे, थर्माकोलसकट. नेमका याच पंपाचा नाही, कारण डिसेंबरमध्ये नेपाळला निघताना हिनं त्यात डिंकाचे लाडू भरले, आणि जोमसोमच्या हॉटेलात लाडू संपल्यावर तो खोका शेगडीत गेला. त्या थंडीत मीच तो टाकला, तेव्हा कोणाला बोलणार?

तर हे परीक्षण त्या रागात लिहायला घेतलं होतं. निम्मं लिहून झाल्यावर जे घडलं त्यानं सूर बदलावा लागला, पण आधीचा भाग तसाच ठेवतोय. राग खोटा नव्हता.

पंप म्हणजे नेहमीचा, सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावायचा बारा व्होल्टचा. हव्या त्या आकड्याला आपोआप बंद होणारा, पुढे दिवा असलेला. १,८९९ रुपये. खोक्यावर १५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलेलं असतं, त्याकडे दुर्लक्ष करा. तुमच्या-आमच्या गाडीला तेहतीस पुरे. घेतला ऑगस्टमध्ये, कारण आईनं जाहीर केलं होतं की गुडघे चालताहेत तोवर मुक्तिनाथ करायचं, आणि विमानानं नाही, गाडीनंच, म्हणजे वाटेत प्रयागराजही होईल. वय एकाहत्तर. पुण्यातल्या वारज्यातून नेपाळची सोनौलीची सीमा सतराशे किलोमीटरच्या आसपास. त्यातला मोठा टप्पा समृद्धीचा. त्या काँक्रीटवर टायर फुटून किती अपघात झाले ते आपण सगळ्यांनीच वाचलंय, आणि टायर फुटतो तो बऱ्याचदा हवा कमी असल्यानं : बाजू जास्त दबतात, तापतात आणि शेवटी सोडून देतात. पेट्रोल पंपावरच्या फुकट हवेवर माझा विश्वास नाही. तिथला मुलगा मोबाइलवर बोलत बोलत ‘तीस का पस्तीस?’ विचारतो आणि आपल्या मनानं भरतो.

आता मुख्य तक्रार. वायर.

खोक्यावर तीन मीटर. शिवणकामाच्या टेपनं मी मोजली, तीनदा : दोन मीटर ऐंशी. वीस सेंटिमीटर म्हणजे साधारण एक वीत. तुम्ही म्हणाल, वीतभरासाठी एवढं काय! सांगतो. सॉकेट पुढे, गियरच्या पुढ्यात. पुढच्या चाकांना ही वायर आरामात पुरते. मागच्या चाकाला न्यायची तर दोन सीटांच्या मधून, मागच्या खिडकीतून बाहेर काढून खाली सोडावी लागते. एवढा सरळ रस्ता दिला तरी पंप जमिनीला टेकत नाही. तो टायरच्या वर अधांतरी लटकतो. मग आपण तो हातात धरून उभं राहायचं, शेंगदाण्याचं कूट करणाऱ्या मिक्सरसारखा तो थरथरत असताना, तीन-चार मिनिटं. दोन मिनिटांनी बुड तापतं. हवेची नळीही अर्धा मीटरच, म्हणून वाकून उभं राहायचं. वीतभर वायर वाचवून कंपनीचे असे किती पैसे वाचले?

सप्टेंबर ते नोव्हेंबर मी दर रविवारी चारही चाकं मोजायचो, आणि दर रविवारी मागच्या दोन चाकांशी ती वीत मला चिडवायची. वायर तोडून जोड मारावा असं तेव्हाच मनात आलं होतं. पण वॉरंटी! जोड दिसला की ते हात वर करणार. म्हणून नेपाळला तशीच नेली.

बाकी तयारीबद्दल थोडक्यात, कारण विचारणारे विचारतातच. बॅटरी चार वर्षांची होती, ती बदलली. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि जुनी आधी मान टाकते. रेडिएटरमध्ये आम्ही वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतत आलो, पुण्यात ते खपून जातं. उणे तापमानात ते गोठून इंजिन फोडू शकतं. त्याऐवजी निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर घातलं. गाडी पेट्रोलची असल्यानं डिझेल गोठण्याची भीती नव्हती. आपल्याकडचा गाडीचा विमा नेपाळात आपोआप चालत नाही. जादा हप्ता भरून विमा कंपनीकडून हद्द वाढवून घ्यावी लागते. सीमेवर भन्सार, म्हणजे त्यांचा कस्टम, दिवसाच्या हिशेबानं भरायचा. परतीला घाट बंद पडला तर काय, म्हणून दोन दिवस जास्तीचे भरून ठेवा; मुदत उलटली की दंड असतो. शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे. मुस्तांगसाठी, म्हणजे मुक्तिनाथ ज्या जिल्ह्यात आहे त्यासाठी, अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्राचा परवाना लागतो. बस.

भैरहवा, बुटवल, पाल्पा करत पोखरा. तिथून बेनी, आणि बेनीच्या पुढे रस्त्याची गंमत सुरू होते. एका बाजूला धौलागिरी, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा, दोन्ही आठ हजार मीटरच्या वर, आणि मधल्या फटीतून काली गंडकी. शाळिग्राम याच नदीत सापडतात, त्यामुळे आई प्रत्येक वळणावर हात जोडत होती. मी तेवढ्याच भक्तीनं रस्त्यातले दगड चुकवत होतो. एक चुकला नाही बहुतेक, किंवा खिळा आधीपासूनच असेल. जोमसोमला एक रात्र काढून, अंगाला उंचीची थोडी सवय करून, दुसऱ्या दिवशी राणीपौव्याला पोचलो. गाड्या तिथंच थांबतात, मंदिर अजून वर.

सकाळी सहाला बाहेर आलो. गाडीच्या काचेवर बर्फाची साय, पारा उणे सहा, आणि मागचं उजवं चाक बसलेलं. उजवं, मागचं. वायर जिथं पुरत नाही नेमकं तेच.

स्टेपनी का लावली नाही, असं वाचणारे म्हणतील. स्टेपनी डिकीच्या तळाशी, तिच्यावर गॅसची शेगडी, कुकर, तांदूळ, चादरी, आणि आईचं गंगाजलाचं कॅन. शिवाय पुढे तोच दगडांचा रस्ता होता. तिथं एखादा टायर खरंच फाटला असता तर मग काय लावलं असतं? चाकात स्क्रू रुतलेला दिसत होता. तो उपसायचा नाही, निदान पंक्चरवाला सापडेपर्यंत. स्क्रू आत असला तर हवा हळूहळू जाते, उपसला की भसकन.

मंदिरात जायचं म्हणून आई आधीच तयार होऊन गाडीत बसली होती, ड्रायव्हरच्या मागे, तिची ठरलेली जागा. कानटोपी, त्यावर शाल, त्यावर माझं जर्किन. मी वायर सोडली : सॉकेटमधून, सीटांच्या फटीतून, आईच्या मांडीवरून, तिच्या खिडकीतून बाहेर. काच चार बोटं खाली. त्या फटीतून वारा असा शिरला की आत ठेवलेल्या थर्मासलासुद्धा हुडहुडी भरावी.

‘काच लाव रे,’ आई म्हणाली.

‘वायर आहे ना.’

‘मग मोठी आणायची.’

सहा मिनिटं. चोवीसवरून चौतीस. आई या सहा मिनिटांत चार वेळा म्हणाली, मोठी आणायची. तिला मी दोन मीटर ऐंशीचा हिशेब सांगायच्या फंदात पडलो नाही.

इथं मी पंपाची एक माफी मागतो. बाकीची तीन चाकं मोजली तर तिन्ही तेहतीस. पुण्यात वीस अंशांत तेहतीसच भरली होती. थंडीत हवा आकसते, पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय कमी होतो, हे मला पाठ. सव्वीस अंश उतरले तर चार-पाच कमी दिसायला हवेत. तेहतीस कसे? मी ठरवून टाकलं, याचं मीटर खोटं बोलतंय. वायर खोटी, मीटरही खोटं. रागानं तसं वहीत लिहूनही ठेवलं.

परत आल्यावर मेव्हण्याला सांगितलं. तो फिजिक्स शिकवतो. त्यानं हसत कागदावर मांडलं : मीटर आतला एकूण दाब दाखवत नाही, आतल्या आणि बाहेरच्या हवेतला फरक दाखवतं. पुण्यात बाहेरची हवा पावणेचौदा पीएसआयनं दाबते, सदतीसशे मीटरवर नऊ-सव्वानऊनं. म्हणजे थंडीनं चार गेले आणि उंचीनं साडेचार परत दिले. दोन्ही फिटले. मीटर अगदी बरोबर होतं आणि मी चूक. उलट खरा खड्डा होता तो खाली उतरल्यावर : उंचीची देणगी संपते, थंडी मात्र राहते. परतीला गोरखपूरच्या अलीकडे सकाळी नऊ अंशांत, दाट धुक्यात, चारही चाकं तिशीवर आलेली सापडली होती. तेव्हा मी चारही चाकांना भोकं पडली की काय म्हणून घाबरलो होतो. पहाडात जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा : वर आकडा ठीक दिसला म्हणून निर्धास्त राहू नका, तराईत, म्हणजे खालच्या सपाट प्रदेशात, उतरलात की पुन्हा मोजा. आणि वर असताना आकडा जास्त वाटला तरी हवा सोडू नका.

त्या धुक्यात ढाब्याच्या आवारात गाडी घेतली होती, रस्त्याच्या कडेला नव्हे. ट्रक अंगावर येईपर्यंत दिसत नव्हते. पंपाचा दिवा तिथं कामाला आला, हे कबूल. आणि काच पुन्हा चार बोटं खाली.

राणीपौवा ते पोखरा त्या एका चाकात मी पाच वेळा हवा भरली. मार्फाला, तातोपानीला, बेनीला. बेनीपर्यंत मला वाटेत चालू हवा कुठं मिळाली नाही. प्रत्येक वेळी पंपानं मुकाट्यानं काम केलं. पोखऱ्यात स्क्रू निघाला, बोटाच्या पेरापेक्षा मोठा नव्हता. मुक्तिनाथाबद्दल इथं लिहिण्याचं कारण नाही, एवढंच सांगतो की मंदिरामागच्या एकशे आठ धारांपैकी काहींच्या तोंडाशी बर्फाच्या दांड्या लोंबत होत्या आणि आईनं तरीही एकशे आठाखाली हात फिरवला. जाताना घोडा केला, येताना चालत आली.

मग मे महिना. मागच्या आठवड्यात मेव्हण्याच्या गाडीची चारही चाकं, नंतर भाच्यांचा पोहण्याचा रबरी टायर, असं लागोपाठ भरताना पंप गप्प झाला. दहा मिनिटं चालवून दहा मिनिटं थंड करा, असं पुस्तिकेत आहे. मी पाव तास सलग चालवला, ही माझी चूक. सर्व्हिस सेंटरात गेलो, खोका प्रकरण झालं. मग आतून दुसरा माणूस आला, पंप कानाशी हलवला आणि म्हणाला, मोटर गेली, नवा घ्या, वीस टक्के सूट देतो. उघडूनसुद्धा बघितला नाही.

वॉरंटी गेलीच होती, तेव्हा वायर कापायला आता कोणाचं भय नव्हतं. बंद पंपाची वायर वाढवून काय मिळणार, हा प्रश्न हिनं विचारला. मला उत्तर नव्हतं, पण नऊ महिन्यांचा सूड होता. गल्लीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यानं वायरला हात लावायच्या आधी प्लगचं टोक फिरवून काढलं. आतून काचेची छोटी नळी तळहातावर पडली. उजेडात धरून म्हणाला, ‘फ्यूज गेलाय काका.’

दहा रुपये.

पंप सुरू. मोटर ठणठणीत. ज्यांच्याकडे असा पंप आहे त्यांनी आज रात्रीच प्लगचं टोक फिरवून बघा, आणि त्याच अँपिअरचे दोन फ्यूज डॅशबोर्डात टाकून ठेवा. जास्तीचा जाड फ्यूज घालू नका, नाहीतर फ्यूजऐवजी वायर जळेल. हे पुस्तिकेत कुठंही नाही. तिथं बावीस भाषांत ‘मुलांपासून दूर ठेवा’ आहे.

वायर त्याच बैठकीत दोन मीटरनं वाढवून घेतली. मी म्हटलं, बारीक वायर चालेल, स्वस्तात होईल. तो ऐकेना : बारा व्होल्टला वायर बारीक आणि लांब झाली की व्होल्टेज वाटेतच गळतं, पंप रडत चालतो आणि वायर तापते. जाड घेतली. सोल्डर, वर हीट श्रिंक, म्हणजे तापवून आवळायची नळी. एकशे ऐंशी रुपये. एकूण एकशे नव्वद. नव्या पंपावरची त्यांची सूट याहून जास्त होती, पण ती घेऊन वायर पुन्हा दोन ऐंशीचीच आली असती.

तेव्हा पंपाला पाचपैकी चार, वायरला शून्य, सर्व्हिस सेंटरला मी आकडा देत नाही.

काल संध्याकाळी पार्किंगमध्ये करून बघितलं. वायर आता ड्रायव्हरच्या दाराखालून निघते, गाडीच्या कडेनं मागच्या उजव्या चाकापर्यंत जाते, पंप जमिनीवर बसतो आणि वर हातभर वायर उरते. सगळ्या काचा बंद. आईला मुद्दाम खाली बोलावून दाखवलं. तिनं सगळं नीट बघितलं, पदरानं कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाली, ‘आता मे महिन्यात काच उघडी असती तरी चाललं असतं रे.’